बाकड्यावरचा ‘दि.’

दि. १८ नोव्हेंबर
सकाळी मैदानावर जेसीबी आला. आवाजावरूनच कळलं. चहा तसाच टाकून गेलो. व्हॉलीबॉलचे दोन्ही खांब उपटून आडवे टाकलेले. एकाच्या बुडाला सिमेंटचा गोळा तसाच चिकटलेला, दाढ उपटल्यासारखा. कुणाला तरी विचारायला पाहिजे होतं त्यांनी. कुणाला विचारणार, तेही खरं.
धूळ फार. खोकला वाढणार. बी.पी.ची गोळी घेतली का नाही आठवेना, म्हणून अर्धी घेतली. सोजर, आमची बायको, म्हणाली, "तुमी कामून तिथं उन्हात थांबलाव? तुमचं काय पुरलंय का तिथं?"
गार झालेला चहा तसाच प्यालो.

दि. २१ नोव्हेंबर
सुपरवायझर भेटला. तरुण आहे, विजापूरकडचा. मराठी येत नाही, माझ्याशी कन्नडात बोलला. बोलायला मला कन्नड अडत नाही, सगळा जन्म इथंच गेला. वाचायचं तेवढं येत नाही. शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी.
त्यानं इथं होणाऱ्या पार्कचं चित्र मोबाईलवर दाखवलं. कडेनं चालायला लाल फरशीचा रस्ता. मधे गवत. पोरांना घसरगुंडी. व्यायामाची लोखंडी यंत्रं. एक छत्रीसारखं काहीतरी, खाली बसायला. चित्रातली माणसं सगळी गोरी आणि निवांत. मी विचारलं, यात ग्राउंड कुठं आहे. म्हणाला, "अज्जा, हेच की ग्राउंड."
घरी येऊन पडलो. छातीत धडधड. गॅस असेल.

दि. २२ नोव्हें.
मकबूल आला होता. टेलर आहे, आमच्या व्हॉलीबॉलच्या टीममधला. टीममधले उरलो तिघं. मकबूल, मी आणि शरणप्पा. शरणप्पा कॅप्टन, आणि शूटर. मी लिफ्टर. म्हणजे जाळीजवळ उभं राहून मी चेंडू उचलून द्यायचा आणि शरणप्पानं उडी मारून हाणायचा. आळंद, हळ्ळीखेड, कुठं कुठं गेलो. लोक शरणप्पाला बघायला यायचे. लिफ्टरला कोण बघतंय. तक्रार नाही, आपलं असं लिहितो.
दसऱ्यात शरणप्पाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. मुलाकडं गुलबर्ग्याला आहे तेव्हापासून.
मकबूल खांबांकडं बघून आला होता. म्हणाला, "उसकू नक्को बोलो मियां, ग्राउंड गया बोलके."
बोलणार नाही म्हणालो. पण माझ्या तोंडाचा मलाच भरवसा नाही.

दि. २७ नोव्हें.
गुलबर्ग्याला जाऊन आलो. बसमध्ये पाठ धरली.
शरणप्पा कॉटवर. उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा. बोलणं जड झालंय पण कळतं. त्याचा मुलगा बसवराज आणि सून नीट करतात. घरात सगळं कन्नड. माझ्याशी मात्र तो मराठीच बोलतो, लहानपणची सवय.
निघताना म्हणाला, "वैजू, ग्राउंडवर कोण खेळायलंय आता?"
खेळायलेत पोरं, असं म्हणालो.
"मला एकदा न्हेऊन बसव तिथं. सर्व्हिसच्या टोकाला. माझं माझं बसतो."
व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार. येताना सगळ्या वाटेला तेच डोक्यात. कुठं बसवणार याला. विटांच्या ढिगावर?

दि. ३ डिसेंबर
धीर करून सुपरवायझरला बोललो. पार्कात सिमेंटची बाकडी येणार आहेत, त्यातलं एक सर्व्हिसच्या टोकाला ठेवा म्हणालो. ते टोक म्हणजे कुठं, जिथून पहिला चेंडू मारायचा, ते त्याला चालत जाऊन दाखवलं. खुणा काही राहिल्या नाहीत, लिंबाच्या झाडावरून अंदाज. तो म्हणाला ठेवू. वर म्हणाला, दुसऱ्या गावात पाठीवर मोठ्या माणसांची नावंही घालतात, तुम्हाला घालायचं असलं तर सांगा. मात्र लिहायचं कन्नडात. सगळे फलक कन्नडात, तसा नियम आहे.
मी म्हणालो घाला. आमच्या कॅप्टनचं घाला.
उड्या मारत नाही म्हणून, नाहीतर मारल्या असत्या.
सोजरला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जित्त्या माणसाचं नाव बाकड्यावर कामून?" मी म्हणालो, जित्त्यानं बघावं म्हणून. "बघा मग," म्हणाली. तिचं ‘बघा मग’ मला आवडत नाही. दिवसभर टोचत राहतं.

दि. १२ डिसें.
रोलर फिरला. मुरूम टाकला. जुन्या पायऱ्या फोडल्या, ज्यावर बसून लोक बघायचे. त्या तशाही निम्म्या ढासळलेल्या होत्या.
खरं लिहायचं तर मैदान आधीच गेलं होतं. गाजरगवत, फुटक्या बाटल्या, लग्नाचे मंडप, मंडपाच्या खड्ड्यात मुरगळलेले पाय. शेळ्या. खेळणारं कुणी नाही. मीच जाऊन कधी जाळी बांधली होती? त्यामुळं रागवायचं तरी कुणावर. पण रोलर खांबांच्या खड्ड्यावरून गेला तेव्हा मी दुसरीकडं बघितलं.
पायाला सूज. मीठ कमी करणार.

येळवस
तारीख न घालता नुसतं येळवस लिहिलं तरी कळतं, मार्गशीर्षातली अमावास्या. शेतात गेलो. कडब्याची कोप केली, पूजा, पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. आंबील जास्त झाली, आता सर्दी होणार. मुडबीहून मेहुणा आला होता. त्याला पार्कचं सांगितलं, लोक सकाळ-संध्याकाळ चालायला येणार म्हणून. तो जेवता जेवता हसायला लागला. "दाजी, दिवसभर तुरीत चालायचं आन संध्याकाळी पुन्ना पार्कात चालायचं? आमाला कामून चालवायलंय सरकार?"
सगळे हसले. मीपण. मग वाटलं, शरणप्पाला कुणी आंबील दिली असेल का. गुलबर्ग्यात शेत कुठलं. मकबूलला डबा भरून नेऊन दिला.

दि. २ जानेवारी
बाकडं आलं. निळं. पाठ रुंद आहे, लिहायला ऐसपैस. सर्व्हिसच्या टोकालाच बसवलं, हातभर इकडं-तिकडं. मी बसून बघितलं. गार लागतं.
सुपरवायझर म्हणाला, काय लिहायचं ते पाठीवर खडूनं लिहून ठेवा, पेंटर येऊन कन्नडात करील. मकबूलकडचा कापडावर आखायचा खडू आणला. वर लिहिलं, शरणप्पा. त्याच्याखाली, संघनायक, व्हॉलीबॉल. कॅप्टन लिहिणार होतो, पण बाकड्यावर मराठी शब्द बरा दिसतो. सर्वांत खाली उद्घाटनाची तारीख घालायची. ती ठरलेली नाही. पुढारी यायचे आहेत, त्यांची वेळ मिळत नाही. म्हणून नुसतं ‘दि.’ लिहिलं आणि पुढं जागा मोकळी सोडली. ठरली की भरतील.
अक्षर बरं आलं. शाळेतले मास्तर असते तर तेवढं तरी म्हणाले असते.

दि. ६ जाने.
पेंटर येऊन करून गेला. हळ्ळीखेडचा आहे म्हणे, माझी गाठ पडली नाही. पिवळी अक्षरं, निळ्यावर, काळी सावली दिलेली. फार सुंदर. मकबूल आणि मी दोघंच होतो. मला मराठी वाचता येतं, मकबूलला उर्दू. समोर कन्नड. दोघं चष्मे घालून उभे.
मकबूल म्हणाला, "सही लिख्खा दिखता."
मी म्हणालो, व्हय, सही दिसतंय. वरची ओळ शरणप्पा, खालची संघनायक. तळाची ओळ मोकळी सोडलीय, तारखेची. म्हणजे खडूवर बरोबर चाललाय माणूस.
मकबूलनं मोबाईलवर फोटो काढला. एक नुसत्या बाकड्याचा, एक मी शेजारी उभा असलेला. बसवराजला पाठवले. अप्पांना दाखव म्हणून त्यात बोलूनही पाठवलं, मकबूल आधी बोलला, मग मी.
आज बरं वाटलं. खोकलाही कमी.

दि. ८ जाने.
गुलबर्ग्याहून काही नाही. मकबूल म्हणतो फोटो बघितल्याची खूण आलीय. मग बोलत का नाहीत. शरणप्पाचं काही कमी-जास्त? मीच फोन करीन म्हणतो. पण काही झालेलं असलं तर ते मला फोनवर ऐकायला नको. केला नाही.

दि. ९ जाने.
बसवराजचा फोन. आवाज वेगळाच. शरणप्पा कसा आहे विचारलं, बरा आहे म्हणाला. मग म्हणाला, "काका, एवढी काय घाई होती तुमाला?"
मी म्हणालो, कसली घाई रे.
"बाकडं बघितलं. मी अप्पाला दाखवलं न्हाई. दाखवनार बी न्हाई." आणि ठेवला.
कसली घाई? उद्घाटनाआधी नाव घातलं म्हणून? त्याला विचारायला पाहिजे होतं म्हणून? असेल. मुलाला विचारायला पाहिजे होतं, हे खरं. पण घाई? जेवण गेलं नाही. सोजर विचारत राहिली. सांगण्यासारखं मलाच काही कळलेलं नाही.

दि. १० जाने.
आमची सून महानंदा अंगणवाडीतून आली. तिचं शिक्षण भालकीला झालं, कन्नडात. मकबूलकडून मोबाईल आणला आणि म्हणालो, बाई, हे जरा वाचून दाखव.
तिनं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "मामा, शरणप्पाकाका गेले? कधी?"
मी म्हणालो, असं काय बोलायलीस.
ती म्हणाली, "मामा, इथं नावाच्या आधी ‘दि.’ लिहिलंय. कन्नडात नावाआधी दि. म्हणजे दिवंगत. आपल्यात कै. लिहितात, तसं."
मी म्हणालो, दि. म्हणजे दिनांक. तारीख. मी खाली लिहिला होता.
"तारखेलाही दि. लिहितात की. पण हा खाली नाही मामा. वर आहे. नावाला जोडून."
सोजर दारात उभी होती. ‘बघा मग’ सुद्धा म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दि. नव्हे
ता. ११ जानेवारी
आजपासून वर ता. लिहायचं. मागची पानं चाळली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर दि., दि., दि. सगळे दिवस मेल्यासारखे दिसायला लागले. वही मिटली.
मकबूलला सांगितलं. तो म्हणाला, "और अपन दोनो चष्मे लगाके देखे." आणि हसायला लागला. मला हसू आलं नाही. त्याचंही लगेच विरलं.
बाकड्यापाशी जाऊन आलो. आता ते एकच अक्षर दिसतं. बाकी काही दिसत नाही.

ता. १३ जाने.
सुपरवायझरला भेटलो. आधी त्याला कळेना, मग कळलं, मग त्यानं कपाळाला हात लावला. माणूस वाईट नाही. पण म्हणाला, कामाचे फोटो वर गेलेत, उद्घाटन होईपर्यंत कशाला हात लावू नका, नंतर मी स्वतः पुसून देतो. उद्घाटन कधी? अजून ठरलं नाही.
आणि शरणप्पा त्याआधी आला तर? हे त्याला विचारलं नाही. घरी आल्यावर सुचलं.

ता. १४ जाने., संक्रांत
हळ्ळीखेडला पेंटरच्या घरी गेलो. सणाचं कुणाच्या दारात जाऊ नये, पण राहवेना. त्यानं तिळगूळ दिला. मराठी चांगलं बोलतो. मी भांडायच्या बेतानं गेलो होतो, तो आधीच घाबरला. म्हणाला, "काका, तुमीच खडूनं लिवला हुताव दि. पुढं तारीख न्हाई, काई न्हाई. मला वाटलं, म्हातारं मानूस, वर ल्याहायचं इसरलं, मागनं जागा दिसली तिथं लिवलं. म्हनून मी नीट जाग्यावर घातला."
नीट जाग्यावर.
मी म्हणालो, माणूस जिवंत आहे. त्यानं दोन्ही हात कानाला लावले. येऊन पुसून देतो म्हणाला. पण आधी आळंदकडं एका देवळाचं काम आहे, ते उरकून.
मी दि. पुढं एक रेघ तरी ओढायची होती. रिकाम्या जागेवर टिंबं टिंबं द्यायची होती. एवढं सुचलं नाही.

ता. २० जाने.
पेंटर आला नाही. आज मकबूल आणि मी दुपारी गेलो, सगळे जेवायच्या वेळेला. मकबूलनं ब्लेड आणलं होतं, मी रॉकेलचा बोळा. ऑईल पेंट आहे, बोळ्यानं काही होईना. ब्लेडनं खरवडलं तर खालचा निळाही निघाला. अक्षर गेलं नाही, त्याच्याभोवती पांढरा डाग मात्र पडला. लांबून येणाऱ्याची नजर थेट तिथंच जाईल असा. बोळा टाकून मी बसलो. त्याच बाकड्यावर.
शेवटी मकबूल म्हणाला, वरून चेंडू काढू. व्हॉलीबॉलचं बाकडं, नावाआधी चेंडू. कुणी काय म्हणणार?
मला पटलं. वाईटात बरं.

ता. २१ जाने.
पांढऱ्या रंगाचा लहान डबा आणला, ब्रश आणला. मकबूलनं खडूनं गोल आखला. टेलरचा हात, गोल बरा आला. आत रेघा देऊन शिवण दाखवली. मी डबा धरून उभा होतो. दि. पूर्ण झाकला गेला. लांब जाऊन दोघांनी बघितला. चेंडू दिसतो.
संध्याकाळी महानंदा बघून आली. म्हणाली, "छान झालंय मामा." मग, "वाचताना शून्य शरणप्पा असं वाचलं जातंय, एवढंच."
शून्य चालेल. शून्याला काही अर्थ नाही. का असतो?

ता. २९ जाने.
उद्घाटन फेब्रुवारीवर गेलं. फाटकाला कुलूप होतं, लोकांनी शेजारून वाट केली, मग त्यांनीच कुलूप काढलं. आता सगळे येतात.
सोजर आज महानंदाबरोबर गेली. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून मैदानात तिनं पाऊल टाकलेलं नव्हतं. तिथं बायकांचं काय काम, असं होतं. मी तिथं काय करत होतो ते तिनं कधी बघितलंच नाही, हे मला आज कळलं. गुडघे धरत धरत लाल फरशीवरून फिरली आणि शरणप्पाच्या बाकड्यावर बसली. घरी येऊन म्हणाली, "चांगलंय की. एवढं कशाला रडत हुताव?"
मी रडत नव्हतो. विचारात होतो.
"त्यो चेंडू कुनी काढला? वडा दिसायलाय."

ता. ६ फेब्रुवारी
बसवराजचा फोन. आता राग नव्हता. मी सगळं सांगितलं, दिनांक, खडू, पेंटर. शेवटी म्हणाला, असू दे काका. अप्पा हट्ट करून बसलाय, ग्राउंडवर न्या म्हणून. रविवारी आणतो.
पुसलंय ना, असं विचारलं त्यानं. झाकलंय, म्हणालो.
रविवारपर्यंत झोप नाही आता. ग्राउंड नाही हेही त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ता. ८ फेब्रु.
चेंडूवर पांढऱ्याचा दुसरा हात दिला. वाळेल का नाही. थंडी आहे.

ता. ९ फेब्रु., रविवार
आले. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. बसवराजची गाडी आत येऊ दिली. शरणप्पा पुढच्या सीटवर, धोतर नेसून, डोक्याला टोपी. काच खाली करून बराच वेळ बघत राहिला. बायका फिरत होत्या. घसरगुंडीवर पोरांचा गोंधळ. यंत्रावर एक मास्तर पाय हलवत होते.
"खेळ कुठाय?"
मी म्हणालो, उठलाय.
मी काय बोललो ते त्याला कळलं असणार. म्हणाला, "गवत ब्येस हाय."
एका बाजूनं मकबूल, एका बाजूनं मी, असं धरून बाकड्यापर्यंत नेलं. वजन उतरलंय त्याचं. टेकवला. उजवा हात खाली लोंबत होता, तो मी उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. "अजून तूच द्यायलास उचलून," म्हणाला.
मग मान वळवून पाठीवरचं बघायला लागला. कन्नड त्याचं चांगलं, पेपर रोज वाचायचा. नाव वाचलं. संघनायक वाचलं. जिभेनं अडखळत, पण मोठ्यानं. मला वाटलं झालं, सुटलो.
"हे काय?" चेंडूवर बोट.
चेंडू, मकबूल म्हणाला. अपना बॉल.
"नावाच्या आदी?"
डाव्या अंगठ्याच्या नखानं त्यानं कड खरवडली. रंग ओलाच होता आतून. सायीसारखा निघून आला. खाली पिवळं दिसलं. त्यानं अजून थोडं काढलं आणि वाचलं. बसवराज गाडीकडं बघायला लागला.
मग मी सगळं एकदम बोललो. दिनांक म्हणालो, आपल्यात दि. म्हणजे तारीख म्हणालो, उद्घाटनाची तारीख ठरेना म्हणून रिकामी सोडली म्हणालो, पेंटरचं, ब्लेडचं, सगळं उलटंपालटं. मधे श्वास लागला. शरणप्पानं शेवटपर्यंत ऐकलं. त्याचं आता अर्धंच तोंड हसतं, त्यामुळं हसला का काय ते कळायला वेळ लागतो.
"म्हंजे तारीख ल्याहायची ऱ्हायलीया."
व्हय, म्हणालो.
"ही खालची जागा तिलाच सोडलीया?"
"तिलाच."
त्यानं त्या रिकाम्या ओळीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे वैजू. पुसू नको काई. कुठली तारीख आदी येतीया बघू."
मकबूल हसला, मोठ्यानं. शरणप्पाही. बसवराज नाही. मला दोन्हीतलं काही जमलं नाही. मी त्याचा हात नीट करत राहिलो, तो नीटच होता.
अंधार पडायच्या आत गेले.

ता. १६ फेब्रु.
उद्घाटन पुन्हा पुढं. चेंडू अर्धा निघालेला, त्यातून दि. डोकावतो. फिरायला येणारे विचारतात. कुणी मला भेटून वाईट वाटल्याचं बोलतात. मी आधी समजावून सांगत होतो. आता हात जोडतो.

ता. २३ फेब्रु.
एक गोष्ट आज ध्यानात आली. वर दि. शरणप्पा आणि खाली उद्घाटनाची तारीख घातली, तर वाचणारा काय वाचेल? त्याच तारखेला शरणप्पा गेला, असंच वाचेल. म्हणजे कुठली तारीख आधी येते हा प्रश्नच राहत नाही. कुठलीही आली तरी ती त्याचीच होणार. शरणप्पाच्या हे ध्यानात आलं होतं का? त्यानं हात फिरवला तेव्हा? असेल. तो माझ्यापेक्षा नेहमी पुढचं बघायचा. मी चेंडू सोडायच्या आत तो उडालेला असायचा.
मकबूलला सांगितलं. म्हणाला, "तू सोता कब मियां?"

दि. २ मार्च
सवयीनं दि. लिहिला गेला. खोडत नाही.
सुपरवायझरचा फोन आला. उद्घाटन नक्की झालं, याच महिन्यात. पेंटर उद्या येणार आहे, सगळ्या बाकड्यांवर तारीख घालायला. म्हणाला, अज्जा, तुमच्या बाकड्याचं काय करायचं ते तुम्ही समोर उभं राहून सांगा, पुन्हा घोटाळा नको. दि. पुसू का ठेवू, तारीख घालू का नको.
शरणप्पानं पुसू नको म्हणून सांगितलंय. तारीख घाल असं तर म्हणालाच नाही. गुलबर्ग्याला फोन लावला, बसवराजनं उचलला नाही. कामात असेल. कामातच असू दे.
सोजर म्हणाली, "उद्या सांगा त्याला काय ते आन मोकळं व्हा एकदा."
उद्या सकाळच्या बसनं मुडबीला जातो. मेहुण्यानं कधीचं बोलावलंय. सांगणारा माणूस समोर नसला की पेंटर विचारल्याशिवाय भरत नाही आता, एवढं त्याला कळलंय. जागा तशीच राहील. परवा परत आल्यावर बघू.
पिशवी भरली. गोळ्या घेतल्या. चष्मा घेतला का बघितलं पाहिजे.